दोन आज्ञार्थांच्या मध्ये

सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे जी व्यक्ती बसते, तिचे पदनाम 'औषध निर्माण अधिकारी' असे असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर हे पदनाम मी अनेकदा वाचले आहे आणि मराठीची अध्यापक असल्यामुळे दर वेळी 'निर्माण' या शब्दापाशी थबकले आहे. खिडकीमागे निर्माण असे काहीच होत नाही. गोळ्या कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातून तयार होऊन आलेल्या असतात. खिडकीमागे त्या मोजल्या जातात, पट्टीतून कापल्या जातात आणि कागदाकडे एक नजर टाकून समोरच्या हातावर ठेवल्या जातात. काम संपले, शब्द मागे राहिला, असे भाषेत नेहमीच होते. परंतु संपलेल्या कामाच्या जागी जे नवे काम आले त्याला आपण अद्याप शब्दच दिलेला नाही, आणि शब्द नसल्यामुळे ते काम दिसतही नाही, असे मला गेल्या वर्षभरात प्रकर्षाने जाणवले.

जुने काम मी लहानपणी पाहिलेले आहे. दर्यापूरला आमच्या डॉक्टरांकडे एक कंपाउंडर होते. पांढरा खल, मापाचा काचेचा पेला, आणि रांगेने लावलेल्या बरण्या. मिश्रण बाटलीत ओतले की ते कागदाची एक पट्टी घेत, तिच्या कडेला कात्रीने समान अंतरावर खाचा पाडत आणि ती पट्टी बाटलीला उभी चिकटवीत. एक खाच म्हणजे एक मात्रा. निरक्षर बाईलाही औषध किती उरले, किती घ्यायचे हे त्या पट्टीवरून कळत असे. रुग्णासाठी लिहिलेला इतका निर्दोष मजकूर मी नंतर क्वचितच पाहिला, आणि त्यात अक्षर एकही नव्हते. अमरावतीच्या तपोवनात, म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली उभ्या केलेल्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत, एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. तेव्हा कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचाराचे चार आठवड्यांचे पाकीट पाहण्यात आले. महिन्याची मोठी मात्रा वेगळी आणि रोजच्या गोळ्या ओळीने. त्या पाकिटाकडे पाहताना मला दर्यापूरची कागदी पट्टीच आठवली. असो.

माझी भाची गेल्या वर्षी फार्म. डी. या अभ्यासक्रमाच्या सहाव्या वर्षात होती. भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषदेने हा अभ्यासक्रम २००८ साली सुरू केला. पाच वर्षे शिक्षण आणि सहावे संपूर्ण वर्ष रुग्णालयात: सहा महिने जनरल मेडिसिन विभागात, उरलेले सहा महिने दोन-दोन महिन्यांप्रमाणे तीन अन्य विभागांत. रुग्णालय किमान ३०० खाटांचे असले पाहिजे अशी अट आहे. याच्या तुलनेत आपल्या औषध दुकानांत बसणाऱ्या बहुसंख्य मंडळींची पदविका पाहावी. १९९१ च्या नियमांनुसार त्यांना ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण होते, त्यातील निदान २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्याचे. अमेरिकेत पदवीनंतर असे निवासी वर्ष असते, पण ते ऐच्छिक असते आणि त्यासाठी चुरस असते. आपल्याकडे ते पदवीच्या पोटातच घातलेले आहे. विद्यावेतनाचा विषय काढला की भाची नुसती हसते.

तिचे रुग्णालय अकोल्यात होते (नाव येथे महत्त्वाचे नाही) आणि रविवारी ती गाडीने बडनेऱ्याला उतरून माझ्याकडे येत असे. पहिल्या काही रविवारी ती फक्त झोपली. नंतर हळूहळू बोलू लागली. त्या बोलण्यातून मला जे दिसत गेले ते औषधशास्त्र कमी आणि आपल्या विषयाच्या जवळचे अधिक होते, म्हणून ते येथे मांडण्याचे धाडस करते.

सकाळी वॉर्डात गेल्यावर तिचे पहिले काम वाचन. प्रत्येक खाटेची केस शीट, कालचे आणि आजचे औषधांचे चार्ट, रक्ताचे अहवाल, सिस्टरने केलेल्या नोंदी. कोणते औषध कोणत्या औषधाशी भांडते, मूत्रपिंड अधू असताना मात्रा तीच राहिली आहे का, एकच औषध दोन व्यापारी नावांनी दोनदा तर लिहिले गेले नाही ना, हे तिने त्या कागदांतून काढायचे. औषधांची मूळ नावे, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. तरी वाचनाची कसोटी संपलेली नाही. चिठ्ठीचा संक्षेपही विलक्षण असतो. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, पण नेत्र विभागात तीच दोन अक्षरे उजव्या डोळ्यासाठी असतात. '१-०-१' ही तर आपली खास भारतीय रचना: सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. तीन आकड्यांत एक दिवस मावतो. मात्र तो दिवस तीन वेळा जेवणाऱ्याचा असतो. पहाटे चहा पिऊन निंदायला जाणारी आणि दुपारी शिदोरी सोडणारी बाई '१-०-१' मधला पहिला एक कोठे ठेवते, हा प्रश्न त्या रचनेत बसत नाही.

चिठ्ठीच्या माथ्यावर जे 'आरएक्स' असते, त्याचा उलगडा भाचीने केला तेव्हा मी चकित झाले. ते लॅटिन 'रेसिपे' या क्रियापदाचे रूप आहे आणि त्याचा अर्थ आहे 'घे'. मला वाटत आले होते की वैद्य रोग्याला म्हणतो, घे. तसे नाही. ती आज्ञा औषध तयार करणाऱ्याला आहे: अमुक द्रव्ये घे, एकत्र कर. त्यानंतर 'सिग्ना', म्हणजे खूण कर, लेबल लाव. रुग्णाने काय करायचे ते या लेबलावर यायचे. म्हणजे चिठ्ठीत एक आज्ञार्थ डॉक्टरकडून औषधवाल्याकडे येतो, आणि दुसरा आज्ञार्थ औषधवाल्याने स्वतः रचून रुग्णाला द्यायचा असतो. पहिला लॅटिनमध्ये गोठलेला, छापील, पक्का. दुसरा दर वेळी नव्याने बोलावा लागणारा. खिडकीमागच्या माणसाचे खरे काम या दोन आज्ञार्थांच्या मध्ये आहे. द्रव्ये घेऊन एकत्र करण्याचे काम कारखान्यांनी नेल्यावर पहिला आज्ञार्थ जवळजवळ निरर्थक झाला. दुसरा मात्र होता तेथेच आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही.

आता हे मधले काम करायचे कोणत्या अर्थाने? (अर्थ हा शब्द येथे व्याकरणातला.) तर प्रश्नाने. हे भाचीला पहिल्या महिन्यातच शिकावे लागले, कारण वॉर्डात तिला बसायला खुर्ची नव्हती. राऊंडच्या वेळी प्राध्यापक डॉक्टर पुढे, मग निवासी डॉक्टर, मग शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, आणि ट्रॉलीच्या मागे फार्मसीची मुलगी. चार्टवर लिहिण्याचा अधिकार तिला नाही. चूक दिसली तर 'हे चुकले' असे म्हणण्याची सोय नाही. "सर, हे रोज आहे की एक दिवसाआड?" असे विचारायचे. उत्तर ठाऊक असतानाही विचारायचे, आणि विचारताना आवाजात उत्तर दिसू द्यायचे नाही. यात लाचारी आहे असे मला प्रथम वाटले आणि मी तसे बोललेही. ती म्हणाली, "मावशी, अर्ध्या वेळा मलाच ठाऊक नसलेलं कारण असतं. विचारलं तर कळतं." एवढे मात्र खरे की त्या प्रश्नाला उत्तर देणारा डॉक्टर आणि न देणारा डॉक्टर असे दोन प्रकार असतात, आणि शिकाऊ औषधतज्ज्ञाचे वर्ष कसे जाते ते यावर अवलंबून असते. तिला दोन्ही भेटले.

दुसरे विचारणे रुग्णाकडे. भरती होण्याआधी तो कोणती औषधे घेत होता याचा इतिहास काढणे हे तिचे नेमलेले काम होते. त्या इतिहासात औषधांना नावे नसतात. 'बीपीची अर्धी', 'गॅसची', 'थे लाल कॅप्सूल', 'डाक्टरनं देल्ली थे'. मग पिशवी मागायची, नातेवाइकाला विचारायचे, गावातल्या दुकानदाराला फोन करायचा, आणि तिघांच्या सांगण्यात फरक पडला तर तिन्ही लिहून ठेवायचे. हे ऐकताना मला रिद्धपूर आठवल्याशिवाय राहिले नाही. ते अमरावती जिल्ह्यातच आहे. चक्रधरांच्या लीळा जमवणारा म्हाइंभट असाच माणसांमागे फिरला, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारत राहिला, म्हणून मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "त्याला एका माणसामागे किती मिनिटं मिळायची?"

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले त्याकडे वळते.

मूर्तिजापूरकडच्या एका गावातील साठीच्या बाई. सांधे धरलेले, बोटे वाकडी झालेली. कुठल्या तरी शहरात दाखवले होते आणि तेथे मेथोट्रेक्सेट सुरू झाले होते. हे औषध आमवातात आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचे असते. त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून इतर दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी देतात. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. बाई भरती झाल्या तेव्हा तोंडात फोड होते, पाणी गिळवत नव्हते, ताप होता. घरच्यांनी उष्णता म्हणून आठवडाभर गुलकंद दिला होता. भाची इतिहास काढायला गेली तर त्या बोलूच शकत नव्हत्या. सुनेने पिशवी उपडी केली. त्यात पट्ट्यांचे कापलेले तुकडे निघाले. आपल्याकडे दुकानात लागतील तेवढ्या गोळ्या कापून देतात, नाव एका तुकड्यावर जाते आणि तारीख दुसऱ्या. एका तुकड्यावर नावाची शेवटची तीन-चार अक्षरे उरली होती. तेवढ्यावरून तिने ओळखले. सून म्हणाली, "रोज एक पिवयी गोयी घेत होती ना आई. नेमानं."

भाची धावत निवासी डॉक्टरकडे गेली. येथे मात्र तिने प्रश्न विचारला नाही, सरळ सांगितले. आणि त्यांनीही तत्क्षणी ऐकले. रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. औषध थांबवले, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केले, प्रतिजैविके दिली. नवव्या दिवशी बाई गेल्या.

ही चूक जगभर इतकी परिचित आहे की औषध-सुरक्षेच्या प्रत्येक पाठात ती येते. भाचीने ती परीक्षेत लिहिली होती आणि गुणही मिळवले होते. तिने पुढचे दोन आठवडे एकच शोध घेतला: 'रोज' हा शब्द आला कोठून? डॉक्टरच्या कागदावर आठवड्यातून एकदा असे इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते. दुकानदाराने सांगितले की आपण 'एकदाच घ्यायची' असे बजावले होते, आणि ते खरे असावे. सुनेनेही 'एकदाच' ऐकले होते. म्हणजे 'रोज' कोणीच म्हटले नव्हते. तो शब्द 'एकदा' या शब्दाच्या आत होता. औषधाच्या संदर्भात 'एकदा' म्हटले की आपला कान त्यामागे 'दिवसातून' हे अध्याहृत धरतो. अध्याहृत शब्दांवर आपण वर्गात किती सहज बोलतो! गृहीत धरलेला एक शब्द वाक्याबाहेर राहिला आणि त्या बाईंच्या पोटात रोज एक गोळी गेली.

मराठी व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकवतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाची उदाहरणे पुस्तकात पाऊस आणि पिकाची असतात. त्या दोन रविवारी भाचीच्या तोंडी फक्त संकेतार्थ होता. पट्टी कापली नसती तर. वार लिहिला असता तर. कोणी परत विचारले असते तर.

त्यानंतर ती एक जुडगा घेऊन आली. रुग्णालयात घरी जाताना द्यायच्या सूचनापत्रकांचा तो मराठी मसुदा होता आणि तिला शुद्धलेखन तपासून हवे होते. शुद्धलेखन ठीकच होते. भाषा अशी: 'सदर औषधाचे सेवन भोजनोत्तर करावे', 'मात्रा विसरल्यास दुप्पट मात्रा घेण्यात येऊ नये'. वाक्यागणिक विध्यर्थ. आपल्या कार्यालयीन मराठीला विध्यर्थ फार प्रिय आहे, कारण त्यात आज्ञा देणारा दिसत नाही. पण विध्यर्थ कर्तव्य सांगतो तशी इच्छाही सांगतो आणि शक्यताही. 'गोळी घ्यावी' हे वाक्य 'पहाटे उठावे, फिरायला जावे' या वाक्यांच्या रांगेत जाऊन बसते. चांगले आहे, जमल्यास करावे. ज्या गोळीने माणूस जगतो किंवा मरतो तिच्यासाठी हा अर्थ पुरा पडत नाही.

वऱ्हाडीत यासाठी एक अचूक रूप आहे. 'घे' म्हणजे आत्ता घे. 'घेजो' म्हणजे पुढे, ठरल्या वेळी, मी समोर नसताना घे, वडीलधाऱ्यांना 'घेजा'. गुजरातीतल्या 'आवजो'मध्येही असाच 'जो' ऐकू येतो. प्रमाण मराठीत भविष्यकाळी आज्ञेसाठी असे वेगळे रूप नाही, आपण 'घेशील हं' असे काहीतरी करून वेळ निभावतो. औषधाची प्रत्येक सूचना मुळात भविष्यकाळी आज्ञा असते, सांगणारा दवाखान्यात राहतो आणि गोळी घरी घेतली जाते. म्हणून मी सुचवले की पत्रक 'घेजा'मध्ये लिहू. विभागातील एका कविमित्रांना हे फार आवडले. ते म्हणाले, आठवड्याची गोळी आहे ना, तिला 'बाजाराची गोयी' म्हणा. खेड्यात आठवडी बाजार कोणी विसरत नाही. प्रतिमा सुंदर होती. भाचीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "कोणत्या बाजाराची? आमच्या वॉर्डातल्या बायका दोन-दोन बाजार करतात. गावचा एक आणि तालुक्याचा एक." प्रतिमा गेली. वार राहिला. पत्रकात 'वार' या शब्दापुढे मोकळी जागा ठेवायची आणि प्रत्येक रुग्णासाठी तो हाताने लिहायचा, असे तिने ठरवले.

'घेजा'चे मात्र सरळ झाले नाही. पत्रकाची पहिली झेरॉक्स वाचून एका निवृत्त शिक्षकांनी ती परत केली. "मले वाचता येते, बाई. हे असं काहून लिहलं?" बोलताना ते वऱ्हाडीच बोलत होते. पण छापील वऱ्हाडी त्यांना थट्टेसारखी वाटली, आणि त्यात त्यांचा दोष नाही. छापून आलेली वऱ्हाडी वर्षानुवर्षे हसण्यासाठीच वाचण्याची सवय आपणच लावली आहे. ज्या बोलीत डॉक्टर बोलत नाही त्या बोलीत औषधाचा कागद आला तर तो कमी प्रतीचा असणार, असा हिशेब त्यामागे होता. मग तोड निघाली: कागदावर सोपी प्रमाण मराठी, आणि तोंडाने वऱ्हाडी. मला ती पूर्णपणे पटलेली नाही. पण कागद माझा नव्हता.

तोंडी भागाची एक पद्धत त्यांना शिकवलेली असते. सगळे सांगून झाले की 'समजले का?' असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. रुग्णालाच सांगायला लावायचे. २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनी रुग्णाशी बोलणे हा औषधतज्ज्ञाच्या कर्तव्याचा भाग ठरवला. बोलणे पोचले की नाही हे तपासणे हा त्यापुढचा भाग. आपल्या भागाला ही पद्धत नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांवरच चाले. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. उत्तर समोरच्या हजार तोंडांतून आले की पुढे जात. उपदेश त्यांनी श्रोत्यांकडूनच वदवून घेतला. भाचीच्या वॉर्डातले तोंड एकच असे. "सांगा आता आजी, कवा घेसान?" यावर आजी काय म्हणतात ते ऐकत उभे राहायचे, मध्ये बोलायचे नाही. कधी उत्तर बरोबर येई. कधी येई, "तूच तं सांगतलं ना आता!" मग पुन्हा पहिल्यापासून.

यात वेळ जातो, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीपुढची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सारे चैनीचे वाटेल. तेथे एका माणसामागे अर्धे मिनिटही मिळत नाही. सहा वर्षे शिकलेल्या या मुलामुलींसाठी वॉर्डात नेमकी कोणती जागा, हे जिल्ह्याच्या ठिकाणी आजही अस्पष्ट आहे; जाहिराती निघतात त्या बहुधा खिडकीमागच्या पदाच्या, आणि त्याला पदविका पुरते. भाचीबरोबरच्या काहींनी औषध कंपन्यांत दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याची नोकरी धरली. ते पुण्या-मुंबईत संगणकापुढे बसून दूरदूरच्या रुग्णांचे अहवाल वाचतात. तीही वाचनाचीच नोकरी आहे, पगार बरा आहे, आणि त्यात कोणाला 'कवा घेसान' असे विचारावे लागत नाही. भाचीनेही एक अर्ज तेथे केला आहे आणि एक नागपूरच्या रुग्णालयात.

तिचे वर्ष संपले. पुढच्या तुकडीतील मुलींनी पत्रक ठेवले आहे, पण मध्यंतरी कोणी वरिष्ठांनी ते तपासले आणि 'घ्या' होते तेथे पुन्हा 'घ्यावी' केले, असे कळते. वार मात्र त्या अजून हाताने लिहितात.